खुर्दा : सुट्या पैशांचा इतिहास

१/
१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांचा पराभव झाला. उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना ही वार्ता वाटेत एका सावकारी पत्रातून कळली, असे सांगितले जाते. पत्राची भाषा सराफाच्या चोपडीतली होती. दोन मोत्ये गेली, सत्तावीस मोहरा हरवल्या आणि रुपये-खुर्दा किती गेला याची गणती नाही, असा त्याचा आशय होता. मोत्ये म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, मोहरा म्हणजे नामांकित सरदार. उरलेले सारे सैन्य आणि बुणगे म्हणजे रुपये आणि खुर्दा.

२/
मोत्यांची नावे प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक आहेत, मोहरांचीही बरीच ठाऊक आहेत. खुर्द्याची मात्र कुणी मोजदाद केली नाही. नाण्यांच्या इतिहासातही असेच घडत आले आहे. सोन्याची मोहर संग्रहालयात जाते. ज्या तांब्यावर मीठ-मिरची विकत घेतली गेली ते हातोहात झिजून जाते. या धाग्याचा विषय तो शब्दशः खुर्दा आहे : सुटे पैसे. ते नसत तेव्हा लोक काय करीत, आणि हिशेबातला शेवटचा अपूर्णांक अखेर कोणाच्या पदरातून जाई?

३/
आधी शब्द पाहू. ‘खुर्दा’ हा फारसी ‘खुर्द’ म्हणजे लहान या शब्दापासून आला. पुण्याजवळच्या आंबेगाव खुर्द आणि आंबेगाव बुद्रुक या जोडगावांतला ‘खुर्द’ तोच. ‘बुद्रुक’ म्हणजे ‘बुजुर्ग’, थोरला. ‘रेजगी’ फारसीतल्या तुकड्यावरून आली. ‘चिल्लर’ कन्नड आणि तेलुगूतही याच अर्थाने नांदते. ‘मोड’ हा शब्द मात्र अगदी घरचा : रुपया मोडला की मोड मिळते. म्हणूनच न मोडलेला रुपया ‘बंदा’, आणि ज्याच्यावर डोळे मिटून विसंबावे असा माणूसही बंदा रुपया.

४/
लहान नाण्यांची नावेही भाषेने जपून ठेवली आहेत. कवडी, दमडी, छदाम, अधेला, पै, दिडकी, ढब्बू, चवली, पावली, अधेली. यांपैकी एकही नाणे आज दुकानात चालत नाही. पण ‘कवडीमोल’, ‘कवडीचुंबक’, ‘चमडी गेली तरी दमडी सुटत नाही’ हे सारे अजून खणखणीत चालते. भाषेत इतकी लहान नाणी खोलवर रुजली आहेत, यावरून एक गोष्ट उघड होते : बहुसंख्य लोकांचे आयुष्य मोहरांत नव्हे, खुर्द्यात मोजले जात होते.

५/
तरीही खुर्दा जवळजवळ प्रत्येक राजवटीत अपुरा पडला. त्यामागे टांकसाळीचे साधे गणित आहे. एक रुपया पाडायचा तर धातूची एक चकती लागते आणि एक ठोसा. तेवढ्याच मोलाचे पैसे पाडायचे तर चौसष्ट चकत्या आणि चौसष्ट ठोसे. मेहनत कितीतरी पट, नफा नाममात्र. त्यामुळे टांकसाळ चालवणारा ठेकेदार असो वा सरकार, दोघांचेही लक्ष चांदीकडे राही आणि तांबे मागे पडे.

६/
दुसरी अडचण धातूच्या भावाची. लहान नाण्यात त्याच्या किमतीइतके तांबे घातले आणि तांबे महागले, तर लोक नाणी वितळवून भांडी करतात. तांबे कमी घातले तर बनावट नाणी पाडणाऱ्यांची चंगळ होते. म्हणून सुट्या पैशांचा बाजार बहुधा दोन टोकांमध्ये झुले : कधी नाणे मिळतच नसे, तर कधी इतके साचे की ते कुणी घेत नसे. दोन्ही वेळा झळ बसे ती रोजच्या रोज थोडेथोडे विकत घेणाऱ्याला. महिन्याचा शिधा एकदम भरणाऱ्याला दमडीची फिकीर नसते.

७/
सरकारकडून नाणे आले नाही की लोक आपली सोय आपण करीत. सतराव्या शतकात हिंदुस्थानात आलेला फ्रेंच जवाहिऱ्या टॅव्हर्निये याने गुजरातेतील एक चाल नोंदवली आहे. तेथे पैशाहून लहान व्यवहारांसाठी इराणातून आलेले कडू बदाम चालत. पैशाला किती बदाम हा भाव आवक पाहून खालीवर होई. बदाम इतके कडू की मुले ते खाऊन टाकतील ही भीती नसे, हेही टॅव्हर्नियेने आवर्जून लिहिले आहे.

८/
हा शेरा गमतीदार वाटतो, पण त्यात चलनाचे मर्म आहे. बदाम खाण्याजोगा असता तर तो माल झाला असता. तो खाता येत नव्हता, म्हणूनच एका हातातून दुसऱ्या हातात फिरत राहिला. आणि महत्त्वाचे म्हणजे तो दोन्ही दिशांनी फिरे. सुरतेच्या वाण्याने सकाळी मोड म्हणून दिलेले बदाम संध्याकाळी गिऱ्हाईक घेऊन आले, तर ते त्याच्या गल्ल्यात जमा होत. सुटे नाणे राजाने पाडले की झाडाने दिले, हा प्रश्न गौण ठरे. देणारा ते परत घेई, एवढे पुरे.

९/
कवडीही अशीच. मालदीवच्या समुद्रातून येणारी ही शिंपली बंगाल आणि ओडिशात शतकानुशतके चलन म्हणून चालली. चार कवड्यांचा एक गंडा, वीस गंड्यांचा एक पण, सोळा पणांचा एक कहाण. म्हणजे कहाणाला १२८० कवड्या. कवडीची नक्कल करणे शक्य नव्हते, ती गंजत नसे आणि वितळवून तिचे काही होत नसे. टांकसाळीची दोन्ही दुखणी तिला नव्हती. गरिबाच्या व्यवहारात बसेल इतकी ती लहान होती, आणि त्या प्रांतांत जमिनीचा सारासुद्धा कवड्यांत भरता येई.

१०/
या व्यवस्थेला धक्का बसला तो ओडिशात. १७५१ पासून हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे होता. १८०३ मध्ये इंग्रजांनी कटक जिंकले आणि पुढे सारा चांदीच्या रुपयात भरण्याची सक्ती केली. रयतेच्या घरात रुपये नव्हते, कवड्या होत्या. त्या विकून रुपये घ्यायचे तर सगळ्यांनाच एकाच वेळी विकाव्या लागत. साहजिकच कवडीचा भाव कोसळला. साऱ्याचा आकडा कागदावर तोच राहिला तरी शेतकऱ्याला त्यासाठी अधिकाधिक कवड्या मोजाव्या लागल्या.

११/
१८१७ मध्ये बक्षी जगबंधूंच्या नेतृत्वाखाली पाइकांचा उठाव झाला. त्याला इतरही सबळ कारणे होती : पाइकांच्या इनामजमिनी गेल्या होत्या आणि मीठही महागले होते. परंतु कवडीऐवजी चांदी मागण्याचा हुकूम हे त्यांतले एक ठळक कारण मानले जाते. उठावाचे केंद्र असलेल्या राज्याचे नाव मराठीत ‘खुर्दा’ असेच लिहितात. शब्दाशी हा निव्वळ योगायोग. सरकारने ‘हे सुटे नाणे आम्ही घेणार नाही’ एवढेच म्हटले, तरी घराघरांतली शिल्लक एका रात्रीत कशी आटते, हे मात्र तेथे साऱ्यांनी पाहिले.

१२/
महाराष्ट्रात खुर्द्याचा मान शिवराईकडे जातो. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी दोन नाणी पाडली : सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई. होन आज अत्यंत दुर्मीळ आहे. शिवराई शेतात नांगरतानाही सापडते. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’, तेही देवनागरीत. ही अक्षरे दरबारापुरती उरली नाहीत, बाजारातल्या प्रत्येक हातात गेली. ज्याला होन कधी दिसला नसेल त्याच्या कनवटीलाही राज्याचे नाव होते.

१३/
शिवराई पुढे पेशवाईतही पाडली जात राहिली. अक्षरांच्या मध्ये दोन रेघा असलेली दुदांडी शिवराई त्याच काळातली. राज्य गेल्यावरही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत ती दख्खनच्या बाजारांत चालत होती. छत्रपतींच्या नावाचे नाणे इंग्रजी अमलात चालावे हे आश्चर्य वाटते, पण बाजाराच्या दृष्टीने त्यात नवल नव्हते. भाजीवाली ते घेत होती आणि वाणी तिच्याकडून घेत होता, एवढे कारण पुरेसे होते.

१४/
तरी रुपया आणि शिवराई यांचे नाते पक्के नव्हते. रुपयाला किती शिवराया हा दर जागेनुसार आणि हंगामानुसार बदले. शिवाय रुपयेही अनेक : पुण्याचा अंकुशी, चांदवडचा चांदोरी, शिवाय शेजारच्या राज्यांचे. या गर्दीतून वाट काढून देणारा माणूस म्हणजे सराफ. तो नाणे वाजवून पाही, घासून पाही आणि मोड देताना आपला ‘बट्टा’ कापून घेई. झिजलेल्या किंवा परमुलखातल्या नाण्यावर बट्टा जास्त. ‘नावाला बट्टा लागणे’ हा वाक्प्रचार याच पेढीवरून घराघरांत पोहोचला.

१५/
बट्टा दिसायला लहान, पण तो कोणावर पडे? सावकार रुपयांत देई, रुपयांत घेई. त्याला मोड फारशी लागत नसे. मजुराला मजुरी तांब्यात मिळे आणि देणे चांदीत असे. तो तांबे देऊन रुपया घेताना कापला जाई, आणि रुपया हाती आलाच तर तो मोडतानाही कापला जाई. सराफ लबाड असेलच असे नाही. जोखीम आणि मेहनत त्याचीही होती. पण त्या जोखमीचे मोल बहुधा सर्वांत कमी मिळकतीच्या खिशातून जाई.

१६/
मुंबईच्या इंग्रजांनाही हा प्रश्न चुकला नाही. १६७२ मध्ये तेथे टांकसाळ सुरू झाली तेव्हा चांदीबरोबर तांब्याची आणि कथलाचीही नाणी पाडावी लागली. पुढे १७९१ मध्ये मुंबई इलाख्यासाठी तांब्याचे पैसे थेट बर्मिंगहॅमजवळच्या सोहो येथून, मॅथ्यू बोल्टनच्या वाफेवर चालणाऱ्या यंत्रांतून पाडून आणले गेले. नाण्याच्या एका बाजूस कंपनीचे चिन्ह होते. दुसऱ्या बाजूस तराजू आणि त्याच्या दोन पारड्यांमध्ये अरबी लिपीत एकच शब्द : ‘अदल’, म्हणजे न्याय.

१७/
सर्वांत लहान नाण्यावर न्यायाचा तराजू असावा हे अर्थपूर्ण आहे. हातघडणीचे नाणे कडेने कातरता येई, वजनात कमीजास्त निघे. यंत्राचे प्रत्येक नाणे सारखे, म्हणून बट्ट्याला जागा कमी. १८३५ मध्ये कंपनीने सगळ्या हिंदुस्थानी मुलखासाठी १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया ठरवला. रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे, १९२ पै हे कोष्टक पक्के झाले. जुन्या शाळांतून मुलांनी ते घोकले; ‘सोळा आणे खरे’ हे त्याचेच उरलेले अवशेष.

१८/
मात्र कायद्याने लहान नाण्याला दुय्यम स्थान दिले. १९०६ च्या नाणेविषयक कायद्यानुसार रुपया आणि अधेली कितीही रकमेपर्यंत स्वीकारणे बंधनकारक होते. पावली आणि त्याहून लहान नाणी फक्त एक रुपयापर्यंत. आजही तत्त्व तेच आहे. २०११ च्या कायद्यानुसार एक रुपया आणि त्यावरची नाणी १००० रुपयांपर्यंत आणि ५० पैशांचे नाणे १० रुपयांपर्यंतच कायदेशीर देणे ठरते. कोणावर पोतेभर पैसे लादले जाऊ नयेत, हा हेतू रास्तच. पण ज्याची सारी कमाईच चिल्लर आहे, त्याच्यासाठी हीच मर्यादा कुंपण ठरते.

१९/
विसाव्या शतकातील दोन्ही महायुद्धांनी खुर्द्याची कसोटी पाहिली. पहिल्या युद्धात चांदी इतकी महागली की रुपया वितळवणे फायद्याचे ठरू लागले. नोव्हेंबर १९१७ मध्ये एक रुपयाची कागदी नोट निघाली आणि १९१८ मध्ये चक्क अडीच रुपयांची. १९१८ मध्येच अमेरिकेने पिटमन कायदा करून २० कोटी औंस चांदी हिंदुस्थानसाठी मोकळी केली. इकडे चवली, पावली आणि अधेलीची निकेलमिश्रित नाणी आली. धातू बदलला, तरी ते नाणे पुढच्या दुकानात चालेल ना, हा लोकांचा प्रश्न बदलला नाही.

२०/
दुसऱ्या युद्धात परिस्थिती अधिक बिकट झाली. १९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर लोक नोटा देऊन नाणी मागू लागले. जूनमध्ये सरकारने गरजेपेक्षा जास्त नाणी जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवला. त्याच वर्षी रुपयातील चांदी निम्म्यावर आली आणि एक रुपयाची नोट पुन्हा अवतरली. महागाई वाढली, व्यवहार वाढले, तांबे तोफगोळ्यांकडे वळले. १९४३ मध्ये लाहोरला नवी टांकसाळ सुरू करावी लागली.

२१/
त्याच वर्षी आला तो मधोमध मोठे भोक असलेला पैसा. आकार जुन्याहून लहान, वजन निम्म्याहून कमी. वाचवलेले तांबे युद्धाच्या कामी आले. हा भोकाचा पैसा दोऱ्यात ओवून ठेवता येई. बिकानेर, बुंदी, जुनागड, पालिताणा अशा संस्थानांनी तर पुठ्ठ्याचे छोटे कूपन छापले आणि तेच सुटे पैसे म्हणून चालवले. ते टिकले, कारण ज्या दरबाराने ते दिले त्याने ते परत घेण्याची हमीही दिली होती. इराणी बदामाची जागा पुठ्ठ्याने घेतली. नियम तोच राहिला.

२२/
१ एप्रिल १९५७ रोजी स्वतंत्र भारताने कोष्टकच बदलले. रुपयाचे १०० नये पैसे झाले. गणित सोपे झाले, पण जुन्या-नव्याची सांधेजोड अवघड होती : एक आणा म्हणजे ६.२५ नये पैसे आणि एक जुना पैसा म्हणजे १.५६. अर्धा नया पैसा नव्हताच. म्हणून नियम असा झाला की अर्धा किंवा त्याहून लहान अपूर्णांक सोडावा, मोठा असल्यास एक धरावा. त्यानुसार एका आण्याचे ६, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९ आणि चार आण्यांचे २५ नये पैसे ठरले.

२३/
आता दोन गिऱ्हाईकांची कल्पना करावी. पहिले आण्या-आण्याची वस्तू सोळा वेळा घेते : १६ गुणिले ६, म्हणजे ९६ नये पैसे. रुपयामागे चार वाचले. दुसरे पैशा-पैशाचे चौसष्ट वेळा घेते. जुन्या एका पैशाचे नियमाने २ नये पैसे होतात, म्हणजे ६४ गुणिले २, एकूण १२८. तोच माल, तीच किंमत, पण रुपयामागे २८ नये पैसे जास्त. जुनी नाणी काही वर्षे सोबत चालत राहिली, म्हणून प्रत्यक्ष फटका सौम्य झाला असेल. तरी या गणिताचा कल लपत नाही : खरेदी जितकी लहान, अपूर्णांक तितका जड.

२४/
यात कोणाचा कट नव्हता. प्रत्येक नियम तर्कशुद्ध होता आणि तक्ते सर्वांसाठी सारखेच छापले होते. पण सारखा नियम सर्वांवर सारखा पडतोच असे नाही. ‘जवळच्या आकड्याला आणणे’ ही निरुपद्रवी क्रिया दिवसातून एकदा घडली तर कुणाच्या ध्यानातही येत नाही. दिवसातून दहा वेळा, वर्षभर, एकाच दिशेने घडली, तर तिचा लहानसा कर होतो. आणि तो कर कुठल्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

२५/
लोक मात्र जुनी मापे सोडायला तयार नव्हते. १ जून १९६४ पासून ‘नया’ हा शब्द गळाला, पण २५ पैसे ‘चार आणे’ आणि ५० पैसे ‘आठ आणे’च राहिले. पूजेची दक्षिणा सव्वा रुपया, आहेराच्या पाकिटात अकरा किंवा एकशे एक : पूर्ण रकमेवर थोडे वर ठेवायचे, म्हणजे देणेघेणे संपत नाही. बाजारात जो अपूर्णांक नकोसा होता, तो देवघरात आणि मांडवात शुभ ठरला. भाजीवालीही हिशेब जुळला नाही की वर चार मिरच्या किंवा कोथिंबिरीच्या काड्या टाकी.

२६/
नाण्याचा धातू दरम्यान हलका होत गेला. १९६४ मध्ये ॲल्युमिनियमचे तीन पैशांचे नाणे आले, पाठोपाठ एक आणि दोन पैशांचीही ॲल्युमिनियममध्ये निघाली. लहान नाणी वितळवणे आणि त्यासाठी साठवणे रोखण्याकरिता १९७१ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. महागाई वाढली तसा पैसा पैशालाही महाग झाला. अखेर ३० जून २०११ पासून २५ पैसे आणि त्याखालची सारी नाणी चलनातून बाद झाली. ५० पैसे कायद्याने अजून जिवंत आहेत. दुकानात मात्र त्यांना फार पूर्वीच निरोप मिळाला.

२७/
याच काळात गल्ल्याशेजारी बरणी आली. ‘सुटे नाहीत’ म्हणत दुकानदार दोन गोळ्या पुढे करतो. त्याचीही बाजू आहे : बँकेतून नाणी मिळवण्याचा खटाटोप आणि गिऱ्हाइकांची रांग. पण टॅव्हर्नियेच्या बदामाशी या गोळीची तुलना करून पाहावी. बदाम कडू, म्हणून फिरत राहिला. गोळी गोड, म्हणून तिथेच संपली. बदाम वाणी परत घेई. जमवलेल्या दहा गोळ्या त्याच दुकानात देऊन काडेपेटी मागितली, तर हसे होते. गोळी ही मोड नसून, न मागता झालेली विक्री आहे. आणि तीत दुकानदाराचा नफाही धरलेला असतो.

२८/
उलट प्रकारही घडला आहे. १० रुपयांचे नाणे खोटे असल्याच्या अफवेने अनेक ठिकाणी दुकानदार आणि प्रवासी दोघेही ते नाकारू लागले. कुणी त्यावरच्या किरणरेषा मोजी, कुणी रुपयाचे चिन्ह शोधी. जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावे लागले की तोवर काढलेल्या १४ नमुन्यांची सारी नाणी वैध आहेत. सरकारी शिक्का असलेले, कायद्याने पूर्ण वैध नाणे ‘पुढचा घेणार नाही’ एवढ्या शंकेने अडते. ओडिशात हीच भीती सरकारी हुकुमाने घातली होती, इथे कुजबुजीने.

२९/
८ नोव्हेंबर २०१६ रोजी ५०० आणि १००० च्या नोटा बाद झाल्या; मूल्याने त्या चलनाच्या सुमारे ८६ टक्के होत्या. हाती आली ती २००० ची नोट. दीडशे रुपयांच्या भाजीला ती मोडणार कोण? बंदा रुपया असूनही मोड नाही, म्हणजे पैसा असूनही नाही, हा जुना अनुभव सर्व थरांना एकाच वेळी आला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये यूपीआय सुरू झाले होते. आज चहाचे बारा रुपये किंवा कोथिंबिरीचे सात रुपये अचूक देता येतात. अपूर्णांकाचे भांडण त्या पडद्यावर खरोखरच मिटले आहे.

३०/
पण ज्याच्या हाती तो फोन आहे त्याच्यापुरतेच. जसजसे गिऱ्हाईक फोनवर वळते, तसतसा गल्ल्यातला खुर्दा आटतो. मग नोट घेऊन आलेल्या वृद्धेला किंवा रोजावर आलेल्या मजुराला ‘सुटे द्या’ हे उत्तर पूर्वीपेक्षा अधिक वेळा मिळते. सोय बहुसंख्यांची झाली. उरलेल्यांची गैरसोय मात्र दाट झाली. कवडीकडून चांदीकडे जातानाही हेच झाले होते : नवे चलन वाईट नव्हते, ते सर्वांच्या हाती पोहोचण्याआधीच जुने नाकारले गेले.

३१/
म्हणून खुर्द्याचा इतिहास म्हणजे नुसती धातूंची आणि राजमुद्रांची यादी नव्हे. समाजातील सर्वांत लहान देण्याला कोण किती प्रामाणिकपणे जागते, याची ती चोपडी आहे. सराफ नाणे खरे की खोटे हे वाजवून पाही. सुट्या पैशांच्या जागी जे हातावर ठेवले जाते, ते बदाम असो, पुठ्ठा असो, गोळी असो वा पडद्यावरचा आकडा, त्याची परीक्षा अधिक सोपी आहे. उद्या तेच पुढे केले, तर देणारा ते परत घेईल का?